व्यापक अर्थाने

पहाटे साडेपाचला गगनबावड्याच्या रस्त्यावर
मोटारसायकल लावली की आधी चष्मा पुसतो,
धुकं इतकं.
मग बॅटरी, चोषणनळी, जाळी बांधलेले सहा कागदी पेले.
नेमणुकीच्या आदेशात लिहिलंय : कीटक समाहारक.
गावात म्हणतात, डासवाला आला.

आक्काताई मगदूमांचा गोठा.
शेणाची ऊब, भिजलेल्या पेंडीचा वास,
कोपऱ्यात उसाच्या वाड्याची मोळी.
उजेड भिंतीवर तिरका सोडायचा, सावकाश,
चोरानं दिवा धरावा तसा.
वाशाखाली, जळमटाच्या आड, एक मादी.

हिच्या जातीतल्या बाकीच्या बसतात
डोकं खाली, ढुंगण वर,
भिंतीत वाकडा ठोकलेला खिळा जसा.
ही जेमतेम तिरकी,
दुसऱ्याच घराण्यातली असल्यागत.
ओढ्याकडेला तिची चुलतबहीण असते,
तिच्या पंखाची तिसरी शीर फिकट.
हिची काळी.
भिंगातून एवढं दिसतं.
एवढ्यावर मी सतरा वर्षं पगार घेतलाय.

नळीचं तोंड तिच्यावर, आणि श्वास आत,
बेतानं.
जोरात ओढला तर पाय तुटतात,
शिरेवरचे खवले झडतात,
मग ती कुणाचीच नाही.
पेल्यात धरून पाहिली :
अर्धं पोट लाल, अर्धं पांढरं.
रात्रीचं रक्त अंड्यांकडे निघालेलं, अजून पोचलेलं नाही.
मुल्लाणींना अशीच लागते, अर्ध्या वाटेवरची.

मुल्लाणी बसतात कोल्हापुरात, दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत,
जिथं कायम व्हिनेगरसारखा वास.
सुईच्या टोकानं पोट उघडतात,
रंग घालतात, काचेखाली चिरडतात,
आणि मला म्हणतात, ये, बघ.
जांभळ्या पट्ट्यांच्या दोऱ्या.
"ही 'अ'. ही 'ब'. पंख तेच, पाय तेच, मिशा त्याच.
फक्त इथं बघ, 'ब'मध्ये एवढा तुकडा उलटा लिहिलाय."
मी बघतो.
कधी दिसतो. कधी त्यांच्या शब्दावर मान हलवतो.
'ब' बहुतेक गुरांवर भागवते.
'अ'ही गुरांचीच,
पण मधनंच उंबरा ओलांडते.

गोठ्यात दोन म्हशी.
मला दोन्ही एकच : काळ्या, मागं वळलेल्या शिंगांच्या,
कपाळाला ठिपका नाही, शेपटीला गोंडा सारखाच.
"ही गुणाची," आक्काताई सांगतात, "ती लाथाडी."
कशावरनं ओळखता?
"कशावरनं म्हंजे? धार काढाय बसा खाली, कळंल."

मग धारेची चरवी खाली ठेवून
त्यांनी माझ्या पेल्यात डोळा घातला.
"गेल्या भादव्यात आमच्या सुजलला थंडी वाजून आली.
चौदा दिस गोळ्या दिल्या. शाळंची सहामाही बुडाली.
ह्यातली कुठली चावली हुती त्येला?"

सुजल दारात उभा होता, एका हातात टूथब्रश.
मला म्हणता आलं असतं, बहुधा 'अ'.
मला म्हणता आलं असतं, ती कधीच मेली,
डासाचं आयुष्य ते काय,
ही तिच्या नातीच्या नातीची नात असेल, आणि
कदाचित तिची नव्हेच.
मी म्हणालो, नक्की सांगता येत न्हाई, आक्का.
"एवढी पुस्तकं शिकून?"
व्हय.

त्यांनी हसून चहा दिला. धारोष्ण दुधाचा, फार गोड.
सुजलनं पेल्याच्या जाळीवर बोट टेकवलं.
आतली मादी उठली, आणि बोटाच्या बरोबर खाली
जाळीला लटकली.
मी त्याचा हात बाजूला केला.
जरा जोरातच.

मोटारसायकलच्या सीटवर नोंदवही.
दिनांक, गाव, घरमालक, गोठा का घर,
माद्या चार, अर्धगर्भित एक.
प्रजातीच्या रकान्यात लांबलचक नाव लिहिलं
आणि त्याच्यापुढं, नेहमीसारखी,
लॅटिनची दोन अक्षरं,
ज्यांचा अर्थ मुल्लाणींनी एकदा सांगितला होता :
व्यापक अर्थाने.
म्हणजे, ही त्या बहिणींपैकी कुणीतरी एक.
म्हणजे, पुढचं मला ठाऊक नाही.

पेले ओल्या फडक्यात गुंडाळले.
ऊन वर यायच्या आत पोचायला हवं,
त्या जिवंत पोचायला हव्यात.
मागं गोठ्यात चरवी सांडल्याचा आवाज झाला
आणि आक्काताईंची शिवी.
कुठली म्हैस, ते
न बघता कळलं.